उजव्या कानाचा तुकडा

शालिकदादा, आज सकाळी उठल्याबरोबर मी पुन्हा आरशात डोळे पाहिले. खालची पापणी बोटाने ओढून, खिडकीजवळ, उजेडात. पांढरेच आहेत. तुझे पिवळे झाले ते सगळ्यात आधी मोठीमायला दिसलं होतं आणि हळदीचा हात लागला असेल म्हणून तिने तुला तोंड धुवायला लावलं होतं. तेव्हापासून मला पिवळं काही दिसलं की धस्स होतं. तुझे पिंजरे मीही उचलले आहेत. पहाडावरच्या त्याच नाल्यात मीही हात धुतले आहेत. ताप कशाचा, हे डॉक्टरांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. आधी कावीळ म्हणाले, मग मलेरिया म्हणाले, मग उंदराच्या मुताने नासलेल्या पाण्यातूनही असा ताप येतो म्हणाले. रक्त नागपूरला पाठवायचं ठरलं आणि तू गेलास.

गावाला मात्र लगेच ठरवता आलं. तुझी राख वैनगंगेत सोडून आम्ही परत येत होतो. पारावर बसलेला एक जण दुसऱ्याला सांगत होता, आवाजही खाली न आणता, "उंदरानंच खाल्लं मास्तरले."

त्या एका वाक्याने मला तुझ्यासाठी नीट रडू दिलं नाही. ते वाक्य उद्याच्या ग्रामसभेत कसं वापरलं जाईल, हे मला तिथेच, ओल्या कपड्यांत उभी असताना दिसलं. पहाडावरचं सगळं मिसळ रान कापून नुसता साग लावायचा बेत आहे. जंगलखात्याचे साहेब म्हणून गेलेत, गावाची हरकत असेल तर लेखी कळवा, नाहीतर या हिवाळ्यातच कुऱ्हाड लागेल. हरकत घ्यायची की नाही, ते उद्या ठरणार. आणि अर्धं गाव म्हणतं, घेऊ नका. पहाड साफ झाला की उंदीर साफ. दरसाल धान पिकलं की पहाडावरून उंदीर भाताच्या बांध्यांत उतरतात, आता तर त्यांनी एक माणूसही खाल्ला.

तू असतास तर ताडकन उठून म्हणाला असतास, असं लिहायचा मोह होतो. पण तू कधी ताडकन उठलाच नाहीस. चष्मा पुसायचास. समोरचा बोलून दमेपर्यंत पुसत राहायचास.

उठायची सवय माझी. पवनीत बाबांच्या छापखान्यात मी बाराखडी पत्रकांवरून शिकले. दुसऱ्या पोरी अ अननसाचा गिरवत होत्या, तेव्हा मी विडी कामगारांनो जागे व्हा, हे बोट ठेवून वाचत होते. आणीबाणीत छपाईच्या ट्रेडल यंत्राला कुलूप पडलं तर मी पत्रकं हाताने लिहिली. तू सुट्टीत यायचास, प्रूफं तपासायला बसायचास आणि बाबांना सांगायचास, "काका, हिच्यासाठी उद्गारचिन्हाचा कप्पा मोठा करा, दर पत्रकाले रिकामा होऊन राहिला." बाबा हसायचे. मी चिडायचे. एकदा तू माझं पत्रक वाचून जे म्हणालास ते मी विसरले नाही, माफही केलं नव्हतं. "कुंदे, तुया पत्रकात मानूस एक तं झोपून राहते, नाई तं पेटून राहते. इचार करत बसलेला कोनीच नाई काय वं?"

विचार करत बसलेल्यांनी रस्ता कधी भरत नाही, असं मी म्हणाले होते. तू चष्मा काढलास.

मला वाटायचं, तुझ्याजवळ रागच नाही. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतोस, पगार मिळतो, आणि रविवार आला की सायकलला पिंजरे बांधून गावी पळतोस उंदीर धरायला. गाव तुला उंदीरमास्तर म्हणायचं आणि तू त्या नावाला ओ द्यायचास. मोठीमाय तुझ्या पिंजऱ्यांसाठी भजी तळायची, कारण तेलाचा वास दूरवर जातो, असं तू तिला पटवलं होतंस. कढईसमोर बसून ती बोलत असायची, "माणसाले चटनी-भाकर, उंदरांले भजे. असा पोरगा देवानं दिला मले." तेरवीला ती भजी तळायला बसली आणि पहिलाच घाणा काढून उठली. बाकीची मी तळली. 

मी पहिल्यांदा तुझ्याबरोबर पहाड चढले ती भांडायलाच. खाली माणसं रोजीसाठी कूपकटाईची, जंगलतोडीच्या कामाची, वाट पाहत बसलीत आणि हा वर उंदीर मोजतो, हे तुला तोंडावर सांगायचं होतं. दव इतकं होतं की साडी गुडघ्यापर्यंत भिजली. पायथ्याच्या बांबूत तू पहिला पिंजरा उचललास. आत बोटाएवढा जीव होता आणि त्याची शेपटी त्याच्याहून लांब. तो ती बांबूच्या काडीला गुंडाळून बसला होता. हा जमिनीवर फारसा उतरतच नाही, तू म्हणालास. पुढे मुरमाड उतारावर एका बिळाच्या तोंडाशी बारीक खडे रचलेले होते, पोरांनी भातुकलीत मांडावेत तसे. ते एका काटेरी केसांच्या उंदराचं काम. दार लावून घेतो, म्हणालास. नाल्याच्या जांभळांखाली चिचुंद्री मिळाली, तिने माझ्या पदराला जो वास लावला तो दोन धुण्यांत गेला नाही. मग खडकांची कपार आली आणि पांढऱ्या शेपटीचा उंदीर आला. राखाडी अंग, पण शेपटी अशी की चुन्यात बुडवून काढलेली. माथ्यावर, सालईच्या झाडांत, तू मला गप्प बसवलंस आणि खारीएवढं काहीतरी खोडावरून उतरताना दाखवलंस. लांब नाक, खांद्यावर फिकट पट्टा. ना खार, ना उंदीर, ना चिचुंद्री. बघता बघता ते दगडांत गेलं.

"येका पहाडाले कितीक मजले आहेत पाय," तू म्हणालास. "दर मजल्यावर येगळा भाडेकरू. खालच्याले वरचा ठाऊक नाई. साग लावला का सगळ्यायले येकच खोली."

मी भांडायचं विसरले नव्हते. उतरताना भांडलेच. लोकांना हे सांगून उपयोग नाही, मी म्हणाले. धानवाल्या माणसासमोर उंदराची तरफदारी करणं म्हणजे सासरी जाऊन सवतीचं कौतुक करणं. पत्रकात वाघ लिहू. पहाडावर वाघ आहे म्हटलं की खातंही थबकेल, वर्तमानपत्रंही लिहितील.

"या पहाडावर वाघ म्या पायला नाई."

"कुणीतरी पाहिला असेल."

"मंग थ्या कुनीतरीनं लिहावं." थोडं चालून झाल्यावर तू पुन्हा म्हणालास, "वाघाले दिल्ली आहे, कुंदे. यायले कोन आहे?"

वाघ मी खोडला. मनातून नाही, कागदावरून. पण त्याच उतारावर मी तुला तो प्रश्न विचारला, जो आता माझ्याच गळ्यात आला आहे. तू म्हणत होतास की पहाडावरचे उंदीर आणि बांधीतले उंदीर वेगळे आहेत, वरचे खाली येत नाहीत, उलट पहाडावरची घुबडं आणि रानमांजरं खाली उतरून बांधीतले उंदीर खातात. मी विचारलं, "आणि समजा उतरत असले वरचे, तर? मग तोडू द्यायचा पहाड?"

तू सायकलचं कुलूप काढत होतास. म्हणालास, "तवा पाहू."

तवा पाहू! मी किती बोलले तुला त्यावर. ज्याला आधीच उत्तर माहीत नाही त्याने लढ्यात उतरू नये, असंही बोलले. तू सायकल हातात धरून बाजूने चालत होतास, मला बसवून न्यायचं सोडून, कारण पिंजऱ्यांमुळे जागा नव्हती. पिंजऱ्यांत आता काही नव्हतं. सगळ्यांना तू जिथे धरलं तिथेच सोडलं होतंस, फक्त प्रत्येकाच्या उजव्या कानाचा तांदळाएवढा तुकडा नखं कापायच्या कात्रीने काढून.

हीच तुझी युक्ती होती, आणि ती गावाच्या रिवाजावर उभी होती. धान कापून पेंढ्यांची पुंजनी लागली की गरीब घरच्या बाया धुऱ्यांवरची, शेताच्या बांधांवरची, उंदरांची बिळं खणतात. आत उंदराने नेऊन साठवलेल्या लोंबा निघतात, कधी टोपलंभर. बांधी कुणाचीही असो, बिळातलं ते खणणाऱ्याचं. मालकही त्यावर हक्क सांगत नाही. तू त्या बायांना एवढंच सांगितलं होतंस, की यंदा खणताना उजवा कान कापलेला उंदीर कुठे निघाला तर मला दाखवा. वरचे खरंच खाली उतरत असतील तर कुठल्यातरी बिळात कापलेला कान निघेलच. नाही निघाला, तर ग्रामसभेत त्या बायाच साक्ष देतील. त्या हसल्या होत्या. पारबताबाई म्हणाली होती, "मास्तर, उंदराचे कान टोचले, आता बारसं कधी?"

खणणं सुरू झालं आणि तू अंथरुणाला खिळलास. तापातही विचारायचास, निघाला का कुठे? मी रोज नाही म्हणायचे, आणि ते खरं होतं. तुझ्या शेवटच्या दिवशीही खरं होतं. त्याचं समाधान मानावं की काय करावं, मला कळत नाही.

काल मी बांध्यांकडे गेले. खणणं आता संपत आलंय, बोडीच्या तळ्याजवळच्या दोन-चार धुऱ्यांचंच राहिलं होतं. पारबताबाई आणि तिची सून कुदळ घेऊन होत्या. सून लोंबा निवडायला बोडीच्या काठी गेलेली. पारबताबाईने शेजारी तणसाचा जाळ केला होता आणि बिळातून निघालेले उंदीर त्यात टाकले होते. ते तसंच करतात. निघाला की काठी, काठी बसली की जाळात, आधी केस जळले पाहिजेत. तू त्यांना कान पाहायला सांगितलं होतंस, पण जाळात टाकायच्या आधी पाहा, हे सांगायचं तुलाही सुचलं नाही, मलाही नाही. हाताला वर्षानुवर्षांची सवय. हात थांबत नाही.

तिने एक उंदीर काडीने जाळाबाहेर ओढला, राख झटकली आणि मला हाक मारली. 

उजव्या कानाचा तुकडा नव्हता.

दादा, मी तो उंदीर तळहातावर घेतला. गरम होता. केस जळून गेलेले, कातडी काळी, शेपटी जाळात गळून पडलेली. पांढरी होती की मातकट, कोण सांगणार? पारबताबाईला आठवेना, बिळातून एकदम तीन-चार निघाले होते, धूळ होती. कान आगीने आकसला होता. तुझ्या कात्रीचा काप असा दिसतो, की भांडणात दुसऱ्या उंदराने तोडलेला असा दिसतो? तू एकदा दाखवलं होतंस, दोन्हींत फरक असतो म्हणून. मी तेव्हा ऐकत नव्हते, पत्रकातलं पुढचं वाक्य जुळवत होते. तू पाहिलं असतंस तर एका नजरेत सांगितलं असतंस. एवढ्या एका नजरेसाठी मी त्या धुऱ्यावर बसून तुझी वाट पाहिली, हे तुला खरं वाटणार नाही. तू येणार नाहीस हे मला त्या क्षणी कळलं. चितेपाशी कळलं नव्हतं.

पारबताबाई माझ्या तोंडाकडे पाहत होती. मग तिने हात पुढे केला.

"दे इकडे. खाऊन टाकतो."

मी तळहात मिटला.

"बिळातलं खननाऱ्याचं, हाय का नाई? मंग हा माया आहे. म्या खाल्ला तं कोनाच्या बापाचं काय जाते?" आणि मग आवाज उतरवून, "पोरी, थ्या पहाडावर माया मोहा आहे, चारोळीचा चार आहे, तेंदू आहे. साग का खाऊ मी? येका उंदरापायी पहाड घालवतं का?"

मी तुला खरं सांगते. हात पुढे झाला होता माझा. तिच्या हातात तो उंदीर ठेवला असता तर गोष्ट संपली असती. सुनेने पाहिलं नव्हतं. उद्या सगळ्या बाया एका सुरात म्हणाल्या असत्या, एकही निघाला नाही, आणि माझ्या पत्रकात ते ठळक टाइपात आलं असतं. लढ्यात असं करावं लागतं, हे मी लहानपणापासून ऐकलंय. समोरचे काय कमी लपवतात?

पण मग तू इतके रविवार कशाला चढलास? लोकांना एक गोष्ट पटवायचीच होती, तर पिंजरे कशाला, भजी कशाला? तू घरी बसून एक वाघ लिहिला असतास आणि आज जिवंत असतास. हे शेवटचं मी पारबताबाईला मोठ्याने म्हणाले. ती जाळ ढोसत राहिली.

"घे मंग," ती म्हणाली. "पन सभेत कोनी इचारलं तं मी सांगन म्या भाजला म्हनून. तू भाजला असं नोको सांगू. तुले उंदीर भाजता येत नाई, सारं गाव हासन."

घरी येऊन तुझी स्पिरिटची बाटली शोधली तर मोठीमाय अंगणात तुझ्या सगळ्या बाटल्या राखेने घासत बसलेली. लोणच्याला होतील म्हणे. मी त्यांत काय होतं ते सांगितलं, नको म्हटलं, तरी तिने एक मांडीखाली लपवलीच. रडली नाही ती. म्हणाली, झाकण मजबूत आहे गं याचं, वाया कायले घालवा? मग मी पदरातून उंदीर काढला तेव्हा तिने तीच बाटली माझ्यापुढे सरकवली आणि तोंड फिरवून बसली. सभेला ती येणार नाही. उंदराचं नाव नको म्हणते. तिला दोष देऊ नकोस.

संध्याकाळी पवनीला बाबांकडे गेले. मजकूर हातात दिला. तो असा आहे: "शालिक मास्तरांचा ताप उंदरापासून आला असेल किंवा नसेल, आम्हाला माहीत नाही. पहाडावरचा एक उंदीर बांधीत उतरला असेल किंवा नसेल, तेही आम्हाला माहीत नाही. तो बाटलीत आहे, सर्वांनी पाहावा. उतरला असला तरी पहाड तोडू नये असं आमचं म्हणणं आहे, आणि ते का, ते खाली सांगितलं आहे."

खाली सांगायला मला तुझ्या तवा पाहूची किंमत कळली. मोहा आणि चार लिहिले. बोडीत येणारं नाल्याचं पाणी लिहिलं. घुबडं लिहिली. मग बांबूतला तो शेपटी गुंडाळून बसलेला जीव, खडे रचून दार लावणारा, पांढऱ्या शेपटीचा, आणि माथ्यावरचा ज्याचं नावही मला नीट माहीत नाही तो, असे सगळे एका ओळीत लिहिले आणि पुढे लिहिलं, की हेही इथलेच रहिवासी आहेत आणि सभेत यांच्या वतीने उठणारा माणूस गेला. यापुढे काय लिहावं सुचेना. त्यांच्यापासून धानाला धोका असेल तर त्याचा बंदोबस्त धानात करावा, पहाडात नाही, एवढं लिहून थांबले. हे पुरेल का? मला वाटत नाही. कूपकटाईची रोजी बुडेल त्यांना मी काय देणार, याचं उत्तर माझ्याजवळ अजून नाही, तुझ्याजवळही नव्हतं. तेही तसंच लिहिलं आहे.

बाबांनी दोनदा वाचलं. आयुष्यभर पत्रकं छापलेला माणूस. "कुंदा, लोक हे वाचून आपल्या विरुद्ध हात वर करतील," ते म्हणाले. करतील, मी म्हणाले. "शालिक असता तर?"  त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला, अगदी तुझ्यासारखा, आणि छपाईचे खिळे जुळवायला बसले. सवयीने त्यांचा हात उद्गारचिन्हाच्या कप्प्याकडे गेला. तिथे थोडा वेळ राहिला आणि रिकामाच परत आला. पहिल्यांदाच तो कप्पा भरलेला राहिला, दादा. तुला पाहायला हवं होतं.

पत्रकं सुकली आहेत. मी गावी परत आले आहे. उद्या सभा शाळेच्या पटांगणात, उन्हं चढल्यावर. मला भीती वाटते आहे, आजवर एकाही मोर्चात वाटली नव्हती अशी. बाटली पाहून लोक हसतील. किंवा कुणीतरी उठून म्हणेल, हा पाहा मास्तरला खाणारा, आणि मग माझा आवाज कुणाला ऐकूच जाणार नाही. पारबताबाई पुढे बसते म्हणाली आहे. पहाड राहील की जाईल, मला माहीत नाही. एवढं लिहिताना मी दोनदा उठून खिडकीजवळ डोळे पाहून आले.

बाटली पिशवीत न ठेवता हातात धरून नेणार आहे, सगळ्यांना दिसेल अशी. आताच पुन्हा झाकण तपासलं. घट्ट आहे. मोठीमाय म्हणाली होतीच.